जुलैसाठी आखा: ठाणे–नवी मुंबई पट्ट्यातल्या सामायिक कचरा व खत प्रकल्पाचं नियोजन

प्रादेशिक प्रकल्पाची फाइल बहुतेक वेळा यंत्रांच्या कोटेशनने सुरू होते. ट्रॉमेल (फिरती गोल चाळणी) किती मिलिमीटरचा, शेड किती मोठं, ठेका किती वर्षांचा. फाइल उलट्या टोकाने सुरू करा. तयार खत कोण उचलणार, चाळणीवर उरलेला रिजेक्ट कुठे जाणार, आणि जुलैत पाऊस थांबायचं नाव घेत नसताना रोजचा ओला कचरा किती जागेत मावणार, याची उत्तरं आकड्यांत लिहा. यंत्रं त्यानंतर ठरतात.

ठाणे जिल्ह्यात सहा महानगरपालिका आहेत: ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर आणि मिरा-भाईंदर. शिवाय अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर नगरपरिषदा, मुरबाड आणि शहापूर नगरपंचायती. एकट्या ठाणे शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 18 लाख 41 हजार होती, नवी मुंबईची 11 लाख 20 हजारांच्या आसपास. मोठ्या शहरांना जागा मिळत नाही, लहानांना पैसा पुरत नाही, म्हणून एकत्र यायचं. पण एकत्र यायचं म्हणजे सगळा कचरा एकाच ठिकाणी न्यायचा, असं मात्र नाही.

आधी वजन

दरडोई 400 ते 500 ग्रॅम हा आकडा पहिल्या अंदाजापुरता ठीक आहे, निविदेसाठी नाही. निविदेला वजनकाट्याच्या पावत्या लागतात. सलग सात दिवस, प्रत्येक गाडी भरलेली आणि रिकामी अशी दोनदा तोला. हे वर्षातून तीनदा करा: एप्रिल-मे, जुलै आणि गणपती ते दिवाळीच्या दरम्यान. एप्रिल-मेमध्ये आंबा, कलिंगड आणि शहाळी असतात, जुलैत भिजलेला कचरा, सणात निर्माल्य, केळीचे खुंट आणि पुठ्ठा. तिन्ही मोजण्यांत ओल्याचं प्रमाण आणि त्यातलं पाणी वेगवेगळं निघतं. पावसाळ्यात उघड्या गाडीतून पावसाचं पाणीही टनांत मोजलं जातं आणि त्याचे पैसे पालिका भरते. ताडपत्रीची अट करारात घालायची ती यासाठी.

घटक तपासायला चौथाई पद्धत पुरते. चाळ, टॉवर, गावठाण, बाजार आणि झोपडपट्टी अशा वेगवेगळ्या भागांतल्या गाड्यांमधून मिळून 100 किलो कचरा घ्या. प्लास्टिकवर पसरून फावड्याने मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, बाकी टाका. 10-12 किलो उरेपर्यंत हेच करा आणि मग हाताने वेगळं करून प्रत्येक घटक तोला. डेब्रिज, झाडलोटीची माती आणि गटाराचा गाळ यांचा हिशेब स्वतंत्र ठेवा. ही तिन्ही घनकचऱ्याच्या गाडीत शिरली की टनांचा आकडा फुगतो आणि गाळातलं शिसं खतात उतरतं. खताचा नमुना नापास होण्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या घनकचरा नियमांत घरातच चार भाग करायचे आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. रोज 100 किलो किंवा जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्या, हॉटेलं आणि मॉल ‘मोठे उत्पादक’ धरले जातात. त्यांचा ओला कचरा शक्यतो त्यांच्याच आवारात जिरायला हवा. घोडबंदर रोडवरचे टॉवर आणि पाम बीच रोडच्या सोसायट्या यांची यादी करून तो टनभार प्रकल्पाच्या क्षमतेतून वजा करा, पण पूर्ण नको. सोसायटीचं यंत्र बंद पडलं की कचरा घंटागाडीतच येतो. या वजावटीतला निम्मा भाग पुन्हा क्षमतेत धरलेला बरा.

काय लांब न्यायचं आणि काय नाही

ओला कचरा जड असतो, त्यातून पाणी गळतं आणि तो 24 तासांत वास मारतो. सुका कचरा हलका पण जागा खाणारा. मोकळा सुका कचरा घनमीटरला जेमतेम 80-100 किलो भरतो. तीन घनमीटरची घंटागाडी 300 किलोंवरच भरते आणि डिझेल जळतं ते हवा वाहण्यासाठी. म्हणून सुका कचरा प्रभागातच निवडून गठ्ठे बांधायचे आणि फक्त गठ्ठे लांब पाठवायचे. प्रादेशिक केंद्राकडे तीनच गोष्टी द्या: प्रभागात न जिरणारा ओला कचरा, जळणयोग्य पण न विकला जाणारा सुका (आरडीएफ), आणि शेवटचा, न कुजणारा न जळणारा निष्क्रिय अवशेष.

वाहतुकीचा अंदाज नकाशावरच्या किलोमीटरवर बांधू नका. घोडबंदर रोड, मुंब्रा बायपास, शीळफाटा आणि महापे इथे सकाळी आणि संध्याकाळी अवजड वाहनांवर बंदी असते किंवा गाडी नुसती उभी असते. हस्तांतरण केंद्रावरून (लहान गाड्यांतला कचरा जिथे मोठ्या गाडीत भरतात तिथून) मोठी गाडी किती फेऱ्या करेल हे रात्री अकरा ते सकाळी सहाच्या वेळात मोजा. तीन फेऱ्या कागदावर बसतात, प्रत्यक्षात दोन होतात, आणि उरलेला कचरा हस्तांतरण केंद्रावर सडतो. लोकांचा मोर्चा येतो तो तिथे. म्हणून हस्तांतरण केंद्राला छत, काँक्रीटची फरशी आणि निदान दीड दिवसाचा साठा मावेल एवढी जागा ठेवा.

एपीएमसीचा कचरा खतशेडमध्ये नको

तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या (एपीएमसी) बाजारातला भाजी-फळांचा कचरा सहज मिळतो आणि निवडलेला असतो, म्हणून तो खतासाठी उत्तम वाटतो. हिशेब मात्र वेगळंच सांगतो. खताच्या ढिगात 55-60 टक्के ओलावा हवा. भाजीच्या कचऱ्यात 85 टक्के पाणी असतं. 10 टन असा कचरा 60 टक्क्यांवर आणायचा, तर 15 टक्के ओलाव्याचा साडेपाच टन कोरडा पाला किंवा तूस लागतो. एवढा पाला रोज आणायचा कुठून? हा कचरा बायोगॅसकडे वळवा. तिथे तसंही पाणी घालावं लागतं, साधारण कचऱ्याइतकंच. चांगल्या निवडलेल्या हॉटेल-बाजार कचऱ्यापासून टनाला 80 ते 100 घनमीटर वायू धरता येतो. तुर्भ्याहून खाडीपलीकडे ट्रॉम्ब्यात भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेलं ‘निसर्गऋण’ तंत्र याच जातीचं आहे. बायोगॅसचं दुखणं एकच: गोणपाट, सुतळी, शहाळ्याच्या करवंट्या आणि मक्याची कणसं क्रशरमध्ये अडकतात. फीडिंगच्या आधी दोन माणसं निवडायला ठेवा आणि लिंबू-मोसंबीची सालं एकदम ओतू नका. आम्लता वाढली की वायू बसतो आणि परत यायला काही आठवडे जातात.

खतशेड: 50 टनांचा हिशेब

रोज 50 टन घरगुती ओला कचरा येतो असं धरू. घनता घनमीटरला 500 किलो धरली, तर 100 घनमीटर. कोरडा पाला मिसळून 120. ढीग दीड मीटर उंच आणि तळाशी साडेतीन मीटर रुंद घेतला, तर एक मीटर लांबीत सुमारे साडेतीन घनमीटर बसतं. म्हणजे रोज 34 मीटर लांबीचा नवा ढीग. 28 दिवसांचे ढीग एकावेळी फरशीवर असतात, म्हणजे सुमारे 950 मीटर. लोडर फिरायला मधली वाट धरून एका ढिगाला 7 मीटर रुंदी द्यावी लागते. झाले साधारण 6,700 चौरस मीटर. ढीग आकसतात, दुसऱ्या आठवड्यानंतर दोनाचा एक करता येतो, त्यामुळे 5,000 वर भागतं. पण निविदेत 5,000 लिहिलं की जुलैत जागा संपते. 6,700 च ठेवा.

त्यावर छत का, याचाही हिशेब करून ठेवा, कारण खर्च कापायची वेळ आली की पहिली कात्री छतावर लागते. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जवळजवळ सगळा चार महिन्यांत. एका दिवसात 100 मिलिमीटर पडला, आणि असे दिवस दर पावसाळ्यात येतात, की उघड्या 6,700 चौरस मीटरवरून 6 लाख 70 हजार लिटर काळं पाणी निघतं. 10 हजार लिटरचे 67 टँकर, एका दिवसात. ते पाणी शेवटी नाल्यातून खाडीत जातं आणि ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2022 पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

शेडच्या बाजू हवेसाठी उघड्या हव्यात, पण नैर्ऋत्येकडे छज्जा दीड मीटर जास्त बाहेर काढा, पावसाचा झोत तिकडून येतो. अमोनिया आणि खारी दमट हवा साधं लोखंड भराभर खाते. गॅल्व्हनाइज्ड सांगाड्यावर इपॉक्सी रंग असू द्या आणि प्रत्येक खांबाभोवती दीड मीटर उंच काँक्रीटची चौथरी घाला. ती नसली तर लोडरचं बकेट वर्षभरात निम्म्या खांबांना पोचे पाडतं. फरशीला 1 ते 2 टक्के उतार, कडेने झाकण काढता येणारं गटार आणि शेवटी लिचेटची, म्हणजे कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याची टाकी. गटाराला फिक्स जाळी नको, रोज साफ करता आली पाहिजे.

आता खरी गोम. घरगुती ओला कचरा उन्हाळ्यात 65 टक्के ओला येतो. तो 60 वर आणायला 10 टनांना 1.1 टन कोरडं लागतं. जुलैत तोच कचरा 70 टक्के ओला येतो आणि 10 टनांना 2.2 टन लागतं. फक्त पाच टक्क्यांचा फरक, कोरडं मात्र दुप्पट: 50 टनांच्या शेडला रोज साडेपाचऐवजी 11 टन. जुलै-ऑगस्टचे 60 दिवस धरले तर 660 टन. त्या दिवसांत कोरडं पान मिळत नाही, म्हणून फेब्रुवारी ते मे मध्ये उद्यान विभागाचा पाला आणि छाटलेल्या फांद्या चिपरमधून काढून छताखाली साठवा. त्याला मुरबाड-शहापूरच्या भातगिरण्यांचा तूस आणि सुतारवाड्यांचा भुसा जोडा. रसवंतीची चिपाडंही चालतात, वाळवून. चाळणीवर उरलेले लाकडी तुकडे फेकू नका, तेच पुन्हा मिसळायचे. त्यांच्यामुळे ढिगात हवा खेळते आणि नव्या कोरड्याची गरज कमी होते.

ढीग लावताना घरगुती कचऱ्यातल्या गाठ मारलेल्या पिशव्या फोडणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. न फुटलेल्या पिशवीत कचरा कुजत नाही, आंबतो. पिशव्या फोडायचं यंत्र मिळतं, ते चुकवतं ते हाताने फोडायला माणसं लागतात. दोन्ही धरा. मिश्रणाचा ओलावा मुठीने तपासा: घट्ट दाबल्यावर बोटांमधून दोन-चार थेंब यावेत. धार लागली तर कोरडं कमी पडलं, मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी द्या. मीटरभर लांबीचा थर्मामीटर ढिगात तीन ठिकाणी खुपसून रोज सकाळी आकडे वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत 55 अंश यायला हवेत. 55 च्या वरचं तापमान 15 दिवस टिकलं आणि त्या काळात पाच वेळा पलटी झाली की रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. 70 च्या वर गेलं तर कामाचे जंतूही मरतात, लगेच पलटी मारा. त्यानंतर आठवड्याला एक पलटी पुरते.

वासावरून दोष ओळखता येतो. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे आत हवा नाही: ढीग फार उंच, फार ओला किंवा पलटी चुकलेली. अमोनियाचा झोंबणारा वास म्हणजे नत्र जास्त, भुसा घाला. तापमान चढतच नसेल आणि वासही नसेल, तर ढीग कोरडा पडला आहे किंवा त्यात माती जास्त आहे. लिचेट फवारायचं ते फक्त पहिल्या आठवड्यातल्या ढिगावर. नंतर फवारलं की मेलेले रोगजंतू पुन्हा आत येतात.

28 दिवसांनी 35 मिलिमीटरच्या चाळणीतून काढून महिनाभर मुरायला ठेवा, मग 16 आणि शेवटी 4 मिलिमीटर. खत नियंत्रण आदेश 1985 प्रमाणे शहरी खताचा 90 टक्के भाग 4 मिलिमीटरमधून जायला हवा, ओलावा 15 ते 25 टक्के, सेंद्रिय कर्ब किमान 12, नत्र किमान 0.8, कर्ब-नत्र गुणोत्तर 20 च्या खाली, सामू 6.5 ते 7.5. शिसं किलोला 100 मिलिग्रॅम आणि कॅडमियम 5 च्या आत. पावसाळ्यात माल 30 टक्क्यांखाली वाळतच नाही आणि चाळणीची भोकं लिंपून बसतात. ब्रश लावून थोडं चालतं. खरा उपाय म्हणजे मुरवायची जागा दीडपट ठेवून चाळणी लांबवणं.

50 टनांतून खत 10-12 टन निघतं, रिजेक्ट 5 ते 7 टन, बाकी वाफ आणि वायू. शेतकरी खत उचलतो ते एप्रिल-मेमध्ये, भाताची खाचरं आणि आंब्याची आळी भरायला, नाहीतर पाऊस सरल्यावर भाजीपाल्याला. जून ते सप्टेंबर गिऱ्हाईक जवळजवळ नसतं. 120 दिवसांचं 1,200 टन खत म्हणजे सुमारे 1,800 घनमीटर. दोन मीटरची थप्पी आणि वाटा धरून 1,300 चौरस मीटरचं गोदाम हवं. हे गोदाम आराखड्यात नसलं की पोती ढिगांच्या फरशीवर येतात आणि जुलैची जागा आणखी आटते. राज्य सरकारचं ‘हरित महासिटी कंपोस्ट’ हे नाव वापरायचं तर प्रयोगशाळेचा अहवाल आधी हातात हवा.

सुका कचरा

निवड केंद्रात एक कामगार एका पाळीत 200 ते 300 किलो नीट निवडतो. यापेक्षा जास्त धरलेला आराखडा खोटा. कचरावेचकांना ओळखपत्र, हातमोजे आणि बसून निवडता येईल असं कंबरेएवढं टेबल द्या. त्यांना बाहेर ठेवून ठेकेदाराची माणसं आणली की पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक), पुठ्ठा आणि पत्रा केंद्रावर पोचायच्या आत भंगारवाल्याकडे जातो, आणि केंद्राकडे उरतात वेफर्सची पाकिटं, थर्माकोल आणि चपला. पाकिटांचा खर्च प्लास्टिक उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीतून, म्हणजे विकलेल्या प्लास्टिकची विल्हेवाट लावायच्या त्यांच्या बंधनातून काढा. 16 फेब्रुवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कंपन्यांना पुनर्प्रक्रियेचे दाखले लागतात, म्हणून गठ्ठ्यांच्या वजनाच्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवा. गठ्ठ्यांच्या थप्प्यांमध्ये सहा मीटर वाट आणि पाण्याची स्वतंत्र टाकी. मोबाइलची बॅटरी गठ्ठ्यात दाबली गेली की आग लागते, आणि प्लास्टिकची आग अग्निशमन दलालाही पटकन आटोपत नाही.

जागा

2016 च्या घनकचरा नियमांत भरावभूमीसाठी (उरलेला कचरा पुरायच्या जागेसाठी) नदीपासून 100 मीटर, तलाव, महामार्ग, वस्ती आणि विहिरींपासून 200 मीटर आणि विमानतळापासून 20 किलोमीटर अंतर दिलं होतं. 10 ते 20 किलोमीटरमध्ये ना-हरकत घेऊन खास परवानगी मिळत असे. नकाशावर मुंबई आणि नवी मुंबई विमानतळांभोवती 20 किलोमीटरची वर्तुळं काढून बघा. तुर्भे, तळोजा, शीळ आणि ठाणे शहराचा बहुतेक भाग एका ना एका वर्तुळात येतो. उघड्या ओल्या कचऱ्यावर घारी येतात आणि विमानांना त्यांचीच भीती. त्यामुळे या पट्ट्यात बंदिस्त प्रक्रिया आणि गठ्ठे शक्य आहेत, उघडी भरावभूमी जवळपास अशक्य. निष्क्रिय अवशेष पूर्वेकडे, वर्तुळांबाहेर न्यावा लागेल आणि त्याचा वाहतूक खर्च दरात धरावा लागेल. खारफुटी आणि तिच्याभोवतीचे 50 मीटर पहिल्याच फेरीत वगळा, सर्वेक्षणाचे पैसे वाचतील.

दिवा आणि आधारवाडी इथल्या डम्पिंगचे ढीग लोक विसरलेले नाहीत. कोपरखैरण्याच्या जुन्या डम्पिंगवर निसर्ग उद्यान उभं राहिलं, तेही त्यांना माहीत आहे. यजमान गावाशी बोलताना सादरीकरण कमी करा आणि लेखी तीन गोष्टी द्या: रोज जास्तीत जास्त किती टन, गाड्यांचा रस्ता आणि वेळ, आणि ही मर्यादा मोडली तर टनामागे गावाला किती रक्कम.

करार

सहभागी शहरांच्या लोकसंख्येवर खर्च वाटू नका, वजनकाट्यावर वाटा. दोन दर ठेवा: नीट वर्गीकृत कचऱ्याला कमी आणि भेसळ 10 टक्क्यांवर गेलेल्याला जास्त. भेसळ ठरवायला रोज चिठ्ठी टाकून निवडलेल्या दोन गाड्या सहभागी पालिकांच्या स्वच्छता निरीक्षकांसमोर ओता. स्वच्छ भारत मिशन (नागरी) 2.0 मध्ये घनकचऱ्याचा केंद्राचा वाटा दहा लाखांवरच्या शहरांना 25 टक्के, एक ते दहा लाखांना 33 आणि एक लाखाखालच्यांना 50 टक्के होता. एकाच प्रकल्पात ठाणे आणि मुरबाड एकत्र आले की हे वाटे प्रत्येकाच्या टनांनुसार वेगळे दाखवावे लागतात, नाहीतर लेखापरीक्षणात फाइल अडकते.

ठेकेदाराला फक्त येणाऱ्या टनांवर पैसे दिले की तो कचरा येण्याची वाट बघतो, जाण्याची नाही. 60 टक्के रक्कम आवकेवर आणि 40 टक्के बाहेर गेलेल्या खत, गठ्ठे, आरडीएफवर ठेवा. दर महिन्याला वस्तुमानाचा ताळा मांडा. 100 टन ओल्यामागे खत आणि रिजेक्ट मिळून 30 ते 40 टन बाहेर जायला हवेत. 15 च जात असतील तर उरलेला माल आवारातच कुठेतरी दडलेला आहे. शेडमागे जाऊन बघा, कुंपणाच्या कडेला ढीग सापडतो. काट्याचा कॅमेरा आणि सॉफ्टवेअर पालिकेच्या ताब्यात असू द्या, ठेकेदाराच्या नाही. सहभागी शहराला बाहेर पडायचं असेल तर 12 महिन्यांची नोटीस आणि तोवरचा किमान टनभार, हे कलम सुरुवातीलाच लिहा.

काम सुरू करण्याची वेळ नोव्हेंबर. कोरडे सात महिने हातात मिळतात, कामगार ढिगाचा वास ओळखायला शिकतात, पाल्याचा साठा होतो. पहिल्या महिन्यात क्षमतेच्या एक तृतीयांशच कचरा घ्या, मेअखेर पूर्ण. स्थायी समितीला उद्घाटन 1 मे रोजी हवं असलं, तरी पहिला ढीग मे महिन्यात लावू नका: तो तयार होऊन मुरायच्या आत पाऊस येतो, चाळणी बंद पडते आणि फरशी भरलेलीच राहते.